सहाशे किलोमीटरवरून दिसलेली घरं

आमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की रामटेके मॅडम पहिल्याच दिवशी त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "गाव कोणतं?" पुण्यात हा प्रश्न आला की ऐकणारा सावध होतो. आडनावावरून अंदाज बांधून झालेला आहे, आता गावावरून खात्री करून घेतायत, असं त्याला वाटतं. मॅडमना मात्र खरोखरच गाव हवं असायचं. नाव कळलं की त्या स्वतः वाकून कीबोर्डवर तालुका आणि गाव टाइप करायच्या, उपग्रहानं टिपलेलं ते गाव पडद्यावर उघडायच्या आणि म्हणायच्या, "दाखवा आता तुमचं घर."

आमचं कामच ते होतं. खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसून आम्ही पृथ्वीकडे वरून बघायचो. उपग्रहांनी काढलेली छायाचित्रं समोर घ्यायची आणि हे शेत, हा ओढा, ही विहीर, हे घर, असं एकेक ओळखून नकाशा तयार करायचा. बाहेर कोणी विचारलं तर आम्ही ऐटीत "अंतराळाशी संबंधित काम" असं सांगायचो. प्रत्यक्षात दिवसभर कौलं आणि पत्रे मोजायचो.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पुणे."

"पुणे गाव नाही का? पेठ कोणती?"

"सदाशिव."

त्यांनी सदाशिव पेठ उघडली. मी आमची इमारत दाखवली. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेल्या. "गच्चीवर पांढरं काहीतरी पसरलंय. धोतरावर वाळवण घातलंय कोणीतरी."

ती आमची आईच असणार. संध्याकाळी घरी मी हे कौतुकानं सांगितलं. आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "वरून बघतात? आणि बघण्याआधी विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "बरोबर बोलल्या आई," म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून एक जाड वही काढून त्यात आईचं वाक्य लिहून ठेवलं.

सुशीला रामटेके मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. आजोबांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत. मॅडम भूगोल शिकल्या, नोकरीच्या निमित्तानं तीसेक वर्षांपूर्वी पुण्यात आल्या आणि विश्रांतवाडीत स्थिरावल्या. उंची बेताची, अंग किरकोळ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट कशासाठी, असं एकदा एका मुलीनं विचारलं. "कधी उतरावं लागेल सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. बोलणं एरवी स्वच्छ, पुस्तकी म्हणावं असं. पण राग आला की विदर्भ वर यायचा. "काय करून राहिले तुम्ही?" असं कानावर आलं की आम्ही समजायचो, आज कोणाचं तरी काही खरं नाही.

त्यांना सर्वांत चीड होती ती 'पॉलिगॉन' या शब्दाची. पडद्यावर घराभोवती जी चौकट आखतात तिला आमच्या धंद्यात पॉलिगॉन म्हणतात. नवी मुलं सहज बोलून जायची, "मॅडम, या गावात दोनशे पॉलिगॉन झाले."

"घरं म्हण."

"तेच ना मॅडम."

"तेच नाही. पॉलिगॉनकडे पाहुणे येतात का?"

आणि ती वही. तिच्यात फोन नंबर होते. कुठल्या गावचा पोस्टमन, कुठली आशाताई, कुठले शाळामास्तर, एका गावचा तर चक्क बँडवाला. पडद्यावरचं काही ओळखू आलं नाही की आम्ही मोठं करून बघायचो, रंग बदलून बघायचो, शेवटी अंदाज ठोकून द्यायचो. मॅडम फोन लावायच्या. "नमस्कार, पुण्याहून रामटेके. तुमच्या मारुतीच्या देवळामागे ते गोल काय आहे हो? आडच ना? पाणी असतं का त्याला?" पलीकडचा माणूस आधी गोंधळायचा, मग आडाचा सगळा इतिहास सांगायचा. मॅडम तो इतिहास पूर्ण ऐकून घ्यायच्या. त्यांचं काम आमच्यापेक्षा उशिरा व्हायचं आणि दुरुस्तीला परत कधी यायचं नाही.

एकदा ऑफिसच्या वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून अवकाश संशोधनातले एक निवृत्त मोठे गृहस्थ आले होते. बोलले फार सुरेख. मागे पडद्यावर काळ्या पोकळीत तरंगणारी निळी पृथ्वी लावली होती. ते म्हणाले, वर गेलेला माणूस खाली बघतो तेव्हा त्याला देश दिसत नाहीत, धर्म दिसत नाहीत, सरहद्दी दिसत नाहीत. दिसतं ते एकच घर, सगळ्या माणसांचं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, माझे तर डोळेही जरा ओले झाले होते. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून मॅडमचा हात वर आला.

"सर, किती उंचीवरून?"

"साधारण चारशे किलोमीटर."

"आमचा कॅमेरा सहाशेवरून बघतो. त्याला दिसतात."

सभागृहात जी शांतता पसरली तिला पुण्यात 'आता मजा आहे' असं म्हणतात. पण पाहुणे खरे मोठे होते. "दाखवा ना मला," ते म्हणाले.

चहापानाच्या वेळी ते मॅडमच्या जागेवर आले. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी देशावरचं एक गाव सांगितलं. मॅडमनी ते उघडलं. मध्ये गावाचा गच्च पुंजका, वाडे, देवळाचं आवार. मग थोडं रान, आणि त्या रानापलीकडे दहा-वीस लहान छपरांचा वेगळा पुंजका. मॅडमनी मधल्या मोकळ्या जागेवर पेन्सिल ठेवली.

पाहुण्यांनी त्या लहान छपरांवर बोट ठेवलं. "आमचा गडी तिकडून यायचा," ते म्हणाले. "रोज सकाळी. मी एकदाही तिकडे गेलो नाही. लांब आहे असं वाटायचं."

"नव्वद पावलं आहेत," मॅडम म्हणाल्या. "मोजून सांगते."

जात हा शब्द आमच्या घरी फक्त वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर यायचा. त्यामुळे तो आता राहिलेला नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो रानाच्या एका पट्ट्याच्या रूपानं सहाशे किलोमीटरवरून दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मॅडमना मात्र कोणाला लाजवण्यात रस नव्हता. त्यांनी लगेच त्याच गावाचं दहा वर्षांपूर्वीचं छायाचित्र शेजारी उघडलं. "आता हे बघा सर. तेव्हा हा पट्टा केवढा होता? आता त्यात शाळा आली, दवाखाना आला, इकडून तीन घरं सरकली, तिकडून पाच. खाली राहणाऱ्याला हे दिसत नाही, तो रोजची भांडणं बघतो. वरून दहा वर्षं एकदम दिसतात." आणि एखाद्या भाचीचं लग्न ठरल्याचं सांगावं इतक्या आनंदात त्या म्हणाल्या, "भरून येऊन राहिलं आहे ना, सर!"

पाहुण्यांनी जाताना मॅडमना वाकून नमस्कार केला. मॅडम इतक्या अवघडल्या की त्यांनी पाहुण्यांच्या हातात बिस्किटांची बशी दिली.

आता ते प्रकरण सांगतो ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

एका दुष्काळी तालुक्याच्या पाणीयोजनेसाठी सगळ्या गावांचे नकाशे करायचं काम आमच्याकडे आलं. जिथे 'घर' असं लिहिलेलं असेल तिथे नळ जाणार, बाकीच्या ठिकाणी नाही. इतकं ते सरळ होतं. गावं खूप आणि मुदत थोडी, म्हणून पहिल्यांदाच हे काम संगणकाकडून करून घेतलं होतं. आमचे जुने नकाशे नमुने म्हणून त्याला शिकवले आणि त्यानं दोन दिवसांत सगळा तालुका रंगवून दिला. शेवटची तपासणी मॅडमकडे. त्यांची सही झाली की नकाशे सोमवारी रवाना.

शुक्रवारी दुपारी मॅडम उठून अभिजितच्या केबिनमध्ये गेल्या. अभिजित आमचा मॅनेजर. वयानं लहान, स्वभावानं चांगला, फक्त घाईत जन्मलेला. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मी सही करणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"का मॅडम? ॲक्युरसी नव्वदच्या वर आहे. एवढी तर आपलीसुद्धा नसते."

"जी उरतात ती सगळी एकाच जागची आहेत. गावाबाहेरची. पत्र्याची लहान छपरं. सगळीकडे 'गोठा' लिहिलंय त्यानं."

"मग गोठे असतील ना. मशीन काहीतरी पॅटर्न बघूनच शिकलंय ते."

"कोणाकडून शिकलं माहीत आहे का?" मॅडमचा आवाज खाली आला. "माझ्याकडून. नमुन्याच्या नकाशांवर माझी सही आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यापूर्वी कोणाला सांगितलं नसावं. उपग्रहाचं हे काम नवीन आलं त्या वर्षांत त्यांनी काही गावांचे नकाशे केले होते. तेव्हाची छायाचित्रं अंधूक. नियम असा की लहान, पत्र्याचं, अंगण नसलेलं छप्पर म्हणजे गोठा. त्यांनी नियमानं लिहिलं, वरिष्ठांनी शाबासकी दिली. नकाशे देऊन झाल्यावर त्यातल्या एका गावी पाहणीला जावं लागलं. उन्हाचं एका म्हातारीनं घरात बोलावलं, पाणी दिलं, बशीत ओतून चहा दिला. मॅडमच्या हातातला कागद बघून म्हणाली, "यात माजं घर कुठं हाय, दाव की लेकी."

"मी बोट ठेवलं," मॅडम म्हणाल्या. "तिथे 'गोठा' लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी मी ते अक्षर बोटाखाली झाकलं. अभिजित, माझं लहानपण तसल्याच पत्र्याखाली गेलं. मला पत्र्यावरच्या पावसाचा आवाज माहीत आहे. आणि वरून बघायला लागले तर मलाच माझं घर ओळखू आलं नाही."

त्या गावचा नकाशा त्यांनी तेव्हाच दुरुस्त करून घेतला होता. बाकीच्या गावांचे नकाशे हातातून गेलेले होते. वही तेव्हापासून सुरू झाली. आणि ते गेलेले नकाशे आता वीस वर्षांनी संगणकाचे गुरुजी होऊन परत आले होते.

अभिजित म्हणाला, "पण मॅडम, सोमवारी गेलं नाही तर वर मला उत्तर द्यावं लागेल. तुम्हालाही. तुमची मुदतवाढ..." मॅडम दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. आणखी दोन वर्षं ठेवण्याची शिफारस वर गेलेली होती आणि त्यांना ती मनापासून हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"देईन उत्तर," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना नळ मिळणार नाही त्यांना कोण उत्तर देणार? तुम्ही दहा टक्क्यांत आलात म्हणून सांगायचं का?"

शनिवारी सुट्टी असून आम्ही आठ जण आलो. कोणी बोलावलं नव्हतं. अभिजित सगळ्यांत आधी येऊन बसला होता आणि त्यानं वडापाव आणले होते. मॅडमनी वहीची पानं सोडवून आमच्यात वाटली. एकेक गाव घ्यायचं, ओळखीतून ओळख काढत फोन लावायचा आणि विचारायचं: गावाबाहेर ओढ्यापलीकडे पत्र्याची छपरं आहेत, तिथे माणसं राहतात का?

मी आयुष्यात इतक्या अनोळखी लोकांशी कधी बोललो नव्हतो. आमच्या पेठेत शेजाऱ्याशीही कामापुरतंच बोलतात. पहिले दोन-तीन फोन चाचरत केले. चौथ्याला एक लक्ष्मण नावाचे गृहस्थ मिळाले. मी पढवलेला प्रश्न विचारला. 

"तिथं मान्सं ऱ्हात्यात का म्हंता?"

"हो."

"ओ सायेब, तिथनंच बोलतोय मी. मी काय बैल हाय का?"

फोन स्पीकरवर होता. सगळी खोली हसली. मी माफी मागत सुटलो, तेव्हा लक्ष्मणरावच म्हणाले, "असू द्या हो. इचारलं तरी. अजून कुनी इचारलं न्हवतं." मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले आणि चष्मा न पुसताच परत घातला.

सगळीच घरं निघाली नाहीत. काही खरोखर गोठे होते. एका ठिकाणचा मास्तर म्हणाला, "गोठाच आहे, पण राखणीला एक म्हातारा तिथंच झोपतो." यावर आमच्यात वाद झाला. झोपतो म्हणजे राहतो का? नियम काय म्हणतो?

"चूल आहे का विचारा," मॅडम म्हणाल्या.

चूल होती. "मग घर," असं म्हणून त्यांनी स्वतः चौकट आखली.

हे एका शनिवारात संपणारं नव्हतं. अख्खा आठवडा लागला. नकाशे उशिरा गेले, वरून रागाचं पत्र आलं, आणि महिन्याभरानं मॅडमच्या मुदतवाढीचा प्रस्ताव 'सध्या विचाराधीन नाही' असा शेरा घेऊन परत आला. मला फार वाईट वाटलं, संतापही आला. मी त्यांना म्हणालो, "हा अन्याय आहे." त्या ड्रॉवर आवरत होत्या. "लिमये, मला वाईट वाटलंच आहे. तुम्ही अजून वाटून घेऊन त्यात भर घालू नका," म्हणाल्या. निरोपाला त्यांनी घरून पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करून आणला होता. तो इतका तिखट होता की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कोणाचं कशामुळे, हे विचारायची गरज उरली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी त्या तालुक्याची नवी छायाचित्रं आली. मी आधी लक्ष्मणरावांचं गाव उघडलं. वस्तीच्या अंगाला एक गोल छप्पर आणि त्याची लांब सावली होती. पाण्याची टाकी! मी रविवारी लॅपटॉप घेऊन विश्रांतवाडी गाठली. मॅडमचं सामान बांधणं चाललं होतं. त्या नागपूरला मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. खोक्यांच्या मध्ये बसून त्यांनी ते चित्र खूप वेळ पाहिलं.

"टाकी दिसते," त्या म्हणाल्या. "पाणी नाही दिसत."

"टाकीच्या आत बघायची सोय अजून झालेली नाही मॅडम. फोन लावू का?"

"नको. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून लोक फोनवर हो म्हणतात. मी जाऊन येते."

बुधवारी सकाळी मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पायांत ते पांढरे बूट. कंडक्टर सांगत होता की त्या फाट्यावर गाडी थांबत नाही. मॅडम म्हणत होत्या, "थांबत नसेल तर जरा हळू करा. उतरायचं मी बघते." गाडी हलली तेव्हाही दोघांचं तेच चाललं होतं, त्यामुळे मला हात करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

दुपारी जेवून जागेवर येतो तो त्यांचा फोन. "लिमये, ऐका," एवढंच त्या म्हणाल्या. मग फोन कशाच्या तरी जवळ नेलेला कळला. भांड्यात पाणी पडत होतं. आधी रिकाम्या घागरीचा खणखणाट, मग भरत जाणाऱ्या घागरीचा तो जाड होत जाणारा आवाज. सातव्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, मी फोन कानाला गच्च धरून उभा होतो. घागर भरली असावी, कारण पाणी बाहेर सांडू लागलं. तेवढ्यात मागून एका बाईचा खडा आवाज आला.

"ओ बाई, कवाधरनं उभ्या हाय तुमी! नंबर हाय का तुमचा? सरका की जरा!"

"सरकते, सरकते बाप्पा," मॅडम हसत म्हणाल्या आणि फोन बंद झाला.